वजनकाटा

खेळ संपतो, दिवे लागतात,
आणि तीन पोरं घरी जायचं सोडून
पडद्यामागे माझ्या कामाच्या टेबलाशी येतात.
भांडण तेच, कालचंच:
कोण भारी?

गाएतानो म्हणतो, आल्व्होरांते.
त्याची तलवार डोंगर चिरते,
ती एट्नाच्या पोटातून काढलीय
आणि अजून पाण्यात विझवलेलीच नाही.
मेल्कियोर्रे म्हणतो, हट्, मालाग्रोने!
त्यानं वीज गिळलीय, सात राजे गिळलेत,
आणि त्याचं काळीज अंगात नाहीच मुळी,
मिठाच्या विहिरीत ठेवलंय.
मग मारशील कुठे?

मी ऐकते. तोंडात खिळे आहेत,
मांडीवर मालाग्रोनेचं अर्धं डोकं.
(रोज नऊला दुभंगतं. रोज साडेनऊला मी जोडते.)

खिळे काढून विचारते, मोजायचंच आहे ना?
आजोबांचा काटा आहे, मासळीबाजारातला,
त्याला अजून बांगड्यांचा वास येतो.
चढवा एकेकाला.

आल्व्होरांते: एकतीस किलो.
उजवा गुडघा नवा, डावा माझ्या जन्माआधीचा.
मालाग्रोने: अठ्ठावीस.
त्या वर्षी तांबं कमी पडलं,
छाती तांब्याची झाली, पाठ उघडं लाकूड.
म्हणून तर तो कधी पळत नाही.
सगळा दरारा तिथून आलाय, पोरांनो,
पाठ दाखवायची सोयच नाही त्याला.
तलवार: चारशे ग्रॅम.
आमच्याच जुन्या चुलीच्या धुराड्याची.
रविवारच्या खेळात वाकते,
सोमवारी मी गुडघ्यावर घेऊन सरळ करते.
आणि ड्रॅगन? नुंत्सियोमामाच्या गाडीची सीट.
वजन करू नका, शिवण उसवेल.

पोरांचे चेहरे पडतात.
मला माझीच जीभ चावावीशी वाटते.

थांबा, म्हणते, हेही ऐका.
एकदा भर लढाईत आजोबांचा खांदा गेला.
आल्व्होरांते तलवार उगारून उभा,
आणि वार काही येईना.
वरती आजोबा दात आवळून लोंबकळतायत,
खाली मालाग्रोने वाट बघतोय,
गल्लीतला कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला.
लोक अजून सांगतात,
इतका भयंकर तो पुन्हा कधी दिसला नाही.
कोणी म्हणतं, तो माफ करायचा विचार करत होता.
कोणी म्हणतं, त्याला विहीर आठवली.
मी सात वर्षांची होते, फळीवर आजोबांच्या शेजारी.
मला फक्त त्यांचा घाम दिसला,
टपकन तलवारीवर पडलेला.
चुर्र आवाज झाला.
शपथेवर सांगते, झाला.

गाएतानो जिंकल्यासारखा हसतो.
मेल्कियोर्रे म्हणतो, म्हणजे बरोबरीच.
दोघं तलवार कोणाची यावर भांडत
चिंचोळ्या जिन्यानं खाली जातात.

धाकटा इयानो मागे राहतो.
कोपऱ्यातल्या खुंटीकडे बोट करतो:
आणि हा?

हा. याला नाव नाही.
पहिल्या अंकात वेशीवर मरतो,
दुसऱ्यात मिशा लावून पुलावर मरतो,
तिसऱ्यात मिशा काढून, पागोटं घालून
शत्रूच्या बाजूनं मरतो.
आठवड्याला चाळीस वेळा, सणासुदीला जास्त.
काट्यावर आम्ही त्याला कधी चढवलंच नाही.

चढवूया, इयानो म्हणतो.

दोघांनी मिळून उचलला. चौदा किलो.
आकडा बघून तो काहीच बोलला नाही.
मग चवड्यांवर उभा राहिला
आणि मिशीची सुटलेली डावी बाजू
थुंकी लावून
नीट चिकटवली.